कुकवाची बाई लाईनीवर

नवसाबाईच्या रेल्वेच्या गँगेत एकतीस वर्षांत जितक्या बाया आल्या तितक्या सगळ्या मयताच्या जागेवर आल्या. कुणाचा नवरा गाडीखाली गेला, कुणाचा दारूनं नेला, कुणी छातीत कळ आली म्हणून फावडं टेकवून बसला तो उठलाच नाही. दिवस घातले, की रेल्वेचा कागद यायचा आणि मग दोन महिन्यांनी म्हणा, दोन वर्षांनी म्हणा, उघड्या कपाळाची एक बाई घमेलं घेऊन लाईनीवर उभी राहायची. नवसाबाईही तशीच आली होती. तिचा देवराम चावीवाला होता. रोज हातोडा खांद्यावर टाकून रुळाच्या चाव्या ठोकत सहा किलोमीटर जायचा. एका गाडीला वाट द्यायला बाजूला सरला, तो दुसऱ्या लाईनीवरच्या गाडीपुढं. मनोज तेव्हा तीन वर्षांचा होता.

निफाड आणि लासलगावच्या मधल्या त्या लहान स्टेशनावर त्यामुळं एक समजूत घट्ट बसली होती. नारंगी जाकीट घालणारी बाई म्हणजे नवरा गेलेली बाई. कुकवाच्या बाईनं त्या जाकिटाला हात लावायचा नाही. नवसाबाईची सून मीना सगळ्या घराचे कपडे धुवायची, पण जाकीट नवसाबाई स्वतः धुवायची आणि वेगळ्या तारेवर वाळत घालायची. मीनानं नवी नवरी असताना एकदा ते उचललं, तेव्हा "ठेव खाली! नवरा जड झाला का तुला?" असं ओरडून तिनं क्वार्टरांची अख्खी रांग गोळा केली होती.

आणि आता त्याच सुनेला रेल्वेनं बोलावलं होतं.

मीनानं ते सांगितलं भाकरी थापता थापता, पाठ करून. सकाळचे सहा वाजले होते. नवसाबाई बुटाच्या नाड्या बांधत होती, मनोज चहात पाव बुडवत होता.

"आत्या, रेल्वेची लेखी परीक्षा पास झाले मी. आता मैदानी परीक्षा हाय, भुसावळला. अठ्ठावीस दिवसांनी."

नवसाबाईचे हात नाडीवर थांबले. "लेखीला कधी बसली होती?"

"दिवाळीच्या पुढं. नाशिकला मावशी आजारी हाय म्हणून गेले होते ना, तवा."

"म्हंजी मावशी आजारी नव्हती."

"नाय."

"चांगलं हाय की मग. म्या उगाच दोन नारळ कबूल केले देवीला."

मनोजनं पाव बशीत टाकला. तो लासलगावच्या बाजार समितीत कांद्याची पिकअप चालवायचा. त्याआधी तीनदा तो याच परीक्षेला बसला होता आणि तीनदा लेखीतच राहिला होता. आता त्याचं वय निघून गेलं होतं. त्याच्या जुन्या पुस्तकांवर मीना कणकेचा डबा ठेवते, इतकंच त्याला ठाऊक होतं. डबा ठेवायच्या आधी ती पुस्तकं उघडते, हे ठाऊक नव्हतं.

"नवरा जिता असून बायको लाईनीवर?" तो म्हणाला. "लोक मला काय म्हणतील? अर्धा मेला म्हणतील."

"लोक काय म्हणतील ते मी ऐकते का तुम्ही?" मीना अजून पाठमोरीच होती.

"आई, सांग तिला."

नवसाबाईनं नाडी ओढून गाठ मारली. उघड्या कपाळानं एकतीस वर्षं खडी उपसलेली बाई ती, तिच्या मनातून ती समजूत कशी जाणार? पण दोन महिन्यांनी ती रिटायर होणार होती, मग हे क्वार्टरही सोडावं लागणार होतं. आणि सून खोटं बोलून, एकटी नाशिकला जाऊन, पोराला तीनदा जमलं नाही ते एका फटक्यात करून आली होती, हे काही तिच्या डोक्यातून उतरेना.

"मला हजेरीला उशीर होतोय," एवढंच बोलून ती उठली.

हजेरीच्या खोलीपाशी अंबूबाई आधीच येऊन बसली होती. दोघी एकाच वर्षी लागलेल्या. एका घमेल्याच्या दोन कडा धरून म्हाताऱ्या झालेल्या. नवसाबाईनं तिला सगळं सांगितलं, तशी अंबूबाईनं कानांना हात लावले.

"नवसे, असलं काय करू नको. कुकवाची बाई लाईनीवर घालायची म्हंजी आपल्या हातानं पोराच्या श्राद्धाचं पान मांडायचं. घरात बसव तिला. शिलाई मशीन घेऊन दे."

आता हेच शब्द नवसाबाईच्या स्वतःच्या मनात वाटेभर घोळत होते. पण दुसऱ्या कुणी तिच्या घराला शहाणपण शिकवलेलं तिला आयुष्यात कधी खपलं नव्हतं.

"माझ्या सुनंनं काय करावं ते तुझ्या घरात ठरतं का गं?" ती म्हणाली. "कुकू लावणाऱ्या बायांचे नवरे घरी बसून मरत नाय वाटतं? मरायचा तो पिकअपमधी बी मरल. पास झालीय ती. पास! तू आन् मी मढ्यावर बसून आलो या नोकरीला. ती परीक्षा देऊन येणार हाय."

बोलून झाल्यावर तिला कळलं, की आपण ठरवून टाकलं.

*

परीक्षेत दोन गोष्टी होत्या. वीस किलोचं पोतं उचलून, मधे कुठं न टेकवता, दोन मिनिटांत शंभर मीटर न्यायचं. आणि हजार मीटर पळायचं, पाच मिनिटं चाळीस सेकंदांत. दोन्हीला एकेकच संधी. चुकली की घरी.

सिमेंटच्या रिकाम्या गोणीत नवसाबाईनं खडी भरली आणि वाण्याच्या काट्यावर नेऊन टाकली. वाणी म्हणाला, "काकू, ही कोणत्या भाजीत घालता?"

"तुझ्या तुरीच्या डाळीत. तू घालतोच, आज मी आणून दिली." वीस किलो भरल्यावर तिनं वर आणखी दोन ओंजळी टाकल्या.

शंभर मीटर मोजायला तिला टेप लागला नाही. साईडिंगच्या कडेला जुने रूळ एकापुढं एक टाकलेले होते. एक रूळ तेरा मीटरचा. आठव्या रुळाच्या शेवटापासून चार पावलं मागं येऊन तिनं टाचेनं रेघ मारली. हजार मीटरसाठी लाईनीशेजारून जाणारा गाडीरस्ता धरला, एका किलोमीटरच्या खांबापासून दुसऱ्यापर्यंत.

रोज संध्याकाळी पाचला नवसाबाई कामावरून यायची, घोटभर पाणी प्यायची आणि मीनाला घेऊन निघायची. मीनाची चार वर्षांची पोर महिनाभरासाठी कळवणला आजोळी धाडली होती. पोतं उचलायला नवसाबाई एका कडेला हात लावायची, मीना दुसऱ्या कडेला, आणि दोघी मिळून ते मीनाच्या डोक्यावर चढवायच्या. खाली चुंबळ. एकदा चढलं, की मीना कळवणच्या डोंगरातली पोर, हात सोडून चालायची. शंभर मीटर सव्वा मिनिटात.

"हे तर झालंच म्हण," नवसाबाई म्हणाली. "आता पळ."

पळणं काही झालं नाही. पहिल्या दिवशी मीना साडी खोचून पळाली आणि अर्ध्या वाटेतच ओणवी झाली, मग कशीबशी पोचली. मोबाईलवर सात मिनिटं दहा सेकंद आले. दुसऱ्या दिवशी पाय साडीत अडकून पडली, गुडघा सोलून निघाला. तिसऱ्या दिवशी नवसाबाईनं लासलगावच्या बाजारातून ट्रॅकपँट आणि ढगळा टीशर्ट आणला. मीना तो घालून दारात आली, पण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकीना.

"काय झालं?"

"मोरीवर पोरं बसलेली असतात, आत्या."

नवसाबाई पुढं झाली. ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर चौघं बसले होते. मीना त्यांच्यासमोरून गेली तसा एकानं शिट्टीसारखा आवाज काढला. नवसाबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"पायात जोर हाय का रे तुझ्या? असंल तर उठ, पळ तिच्यासंगं. तिच्या पुढं गेलास तर माझ्या हातानं पेढा चारते. आन् नसंल तर खाली बघ."

चौघांनी खाली बघितलं. दुसऱ्या दिवशी मोरी रिकामी होती.

मनोज हे सगळं पाहत होता आणि पाहत नसल्यासारखं करत होता. संध्याकाळी तो मुद्दाम उशिरा यायचा. आला, की ताट ओढून घ्यायचा आणि मीनाशी बोलायचं ते आईला सांगायचा. "आई, मीठ नाय भाजीत, सांग तिला." नवसाबाई म्हणायची, "तोंड काय बाजारात इकून आला का?"

*

मे महिन्याचं ऊन पेटलं. दुपारी रुळाला हात लावला तर कातडी चिकटून यायची. असल्या उन्हात रूळ लांबतो, त्याला जायला जागा मिळाली नाही की सापासारखा बाजूला वाकतो, आणि वर गाडी असली तर डबे शेतात. म्हणून दुपारची गस्त. बारा ते चार, जोडीजोडीनं, डोक्याला ओला टॉवेल, हातात झेंड्या. चालायचं आणि रुळाकडं बघायचं.

नव्या साहेबांनी नवसाबाईला बोलावून सांगितलं होतं, "बाई, तुमचे शेवटचे दोन महिने. गस्तीला जाऊ नका. ऑफिसात बसा, आल्यागेल्याला पाणी द्या."

"पाणी द्यायला घेतलं व्हतं का मला?"

"अहो, तुमच्या भल्यासाठी सांगतोय."

"माझं भलं रुळावर हाय, साहेब. सावलीत बसून माझे गुडघे धरत्यात."

साहेब हसले. ऑफिसातला बाबूही हसला आणि म्हणाला, "म्हातारीला वाटतं, तिच्यावाचून गाड्या थांबतील." नवसाबाईनं ऐकलं, पण त्या वेळी तिला उत्तर सुचलं नाही. गस्तीवर गेल्यावर सुचलं आणि दुपारभर ती ते मनातल्या मनात त्याला सुनावत चालली.

त्या दिवशी तिच्या जोडीला गँगेचा मुकादम शौकतभाई होता. त्यालाही पंचवीस वर्षं झालेली. मालेगावचा माणूस, बाप यंत्रमागावर, हा रुळावर. चिंचेच्या फाटक्या सावलीत दोघं पाणी प्यायला थांबले.

"काय भाभी, सुनबाईची तयारी?"

"पळणं राहिलंय. सहा मिनिटांच्या खाली येईना. वजनाचं मात्र काम फत्ते. डोक्यावर पोतं, दोन्ही हात मोकळे. मिनिटाच्या वर जरासं लागतं."

"डोक्यावर?" शौकतभाईनं बाटली तोंडापासून खाली घेतली. "आणि डोक्यावर ठेवून कोण देतं?"

"मी देते."

"तिथं कोण देणार?"

नवसाबाईनं डोक्यावरचा ओला टॉवेल ओढून हातात घेतला.

"भाभी, मी माझ्या पुतण्याला घेऊन गेलो होतो त्या मैदानावर. पोतं जमिनीवर पडलेलं असतं. शिट्टी वाजली, की ज्याचं त्यानं उचलायचं. हात लावायला माणूस नसतो. चुंबळही नेऊ देणार नाहीत."

नवसाबाई रुळाकडं बघत राहिली. एकतीस वर्षं तिनं खडी वाहिली, पण एकही घमेलं एकटीनं डोक्यावर चढवलं नव्हतं. समोर अंबूबाई असायची. त्याआधी माहेरी हंडा चढवायला बहीण असायची, सरपणाला आई. बाईचं ओझं दुसरी बाई उचलू लागते, मगच ते डोक्यावर जातं. जगात याहून वेगळं काही असतं, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. पंधरा दिवस तिनं सुनेला चुकीचं शिकवलं होतं. आता तेरा उरले होते.

"शौकतभाई," ती म्हणाली, "हे कुणाला सांगू नका."

"मी कशाला सांगतोय? पुतण्यापण तिथंच पडला."

संध्याकाळी ती मीनाला म्हणाली, "आजपासून पोतं एकटीनं उचलायचं. खांद्यावर घ्यायचं."

"का?"

"मी चुकले म्हणून." हे तीन शब्द ती सुनेशी लग्नापासून पहिल्यांदाच बोलत होती. मीनानं चमकून बघितलं तशी ती खेकसली, "बघती काय? उचल!"

मीनानं वाकून ओढलं. पोतं गुडघ्यापर्यंत आलं आणि धपकन पायावर पडलं. दुसऱ्यांदा मांडीवर आलं, तिथून सरकलं. नवसाबाईचा हात आपोआप पुढं गेला. तिनं तो मागं घेऊन कमरेच्या पदरात खुपसला आणि तसाच घट्ट धरून ठेवला.

"कमरेत वाकू नको. बूड खाली टेकव. गडी पहार कशी उपसत्यात बघितलं ना? पाठ सरळ. आधी मांडीवर घे. श्वास सोड. आता गुडघ्यानं ढकल वर."

नवव्या का दहाव्या खेपेला पोतं खांद्यावर चढलं. मीनाच्या मानेवर रक्ताचा ओरखडा उमटला होता. ती लडखडत पहिल्या रुळापर्यंत गेली, दुसऱ्यापर्यंत गेली, आठव्यापर्यंत जाऊन तिनं पोतं टाकलं.

"दोन मिनिटं वीस," ती म्हणाली.

"उद्या दोन होतील."

*

परीक्षेला चार दिवस राहिले, तेव्हा ते झालं. पळणं पाच पंचेचाळीसवर आलं होतं. पोतं दीड मिनिटात जात होतं. त्या संध्याकाळी अंबूबाईही रुळावर येऊन बसली होती, नको नको म्हणत रोज बघायला यायचीच. मीनानं पोतं मांडीवर घेतलं, वर ढकललं, आणि गोणीचा फाटका काठ टीशर्टाबाहेर आलेल्या मंगळसूत्रात अडकला. ओझं वर गेलं आणि दोरा तुटला. काळे मणी खडीवर उडाले.

मीना थांबली नाही. तिनं आठ रूळ पार केले, पोतं टाकलं आणि मग छातीला हात लावला.

"अगं आई गं!" अंबूबाई कपाळ बडवत उठली. "सांगितलं व्हतं मी! सांगितलं व्हतं का नाय!"

ती तशीच स्टेशनाकडं गेली आणि जो भेटेल त्याला सांगत गेली. मनोज बाजारातून आला तो थेट साईडिंगवर. मीना आणि नवसाबाई गुडघ्यांवर बसून खडीतून मणी वेचत होत्या. काळे मणी, काळी खडी. उन्हानं तापलेला एकेक दगड उचलून बघावा लागत होता.

"बास झालं," मनोज म्हणाला. "आई, बास. मला नाय मरायचं तिच्या नोकरीपायी."

नवसाबाई मान वर न करता म्हणाली, "तुला कोण मारतंय? उन्हात उभा राहू नको, एवढंच कर."

"थट्टा नको. माझा बाप या लाईनीवर गेला."

"तुझा बाप," नवसाबाई उठली. तळहातावर मणी धरलेले होते. "तुझा बाप गेला त्या दिवशी माझ्या गळ्यातलं धड होतं. चांगलं सोनाराकडून गाठवलेलं, नव्या दोऱ्यात. एक मणी हलला नव्हता. मी उपास करत होते त्याच्यासाठी, वड पुजत होते. कपाळावर एवढं मोठं कुकू होतं. काय केलं त्यानं? गाडी थांबवली का?"

मनोजनं मान फिरवून लाईनीकडं बघितलं.

"तो मागं बघायचं विसरला म्हणून गेला. दुसरं काय कारण नाय. एकतीस वर्षं मी कारण धुंडतेय. नाय दुसरं."

एक मालगाडी आली. तिघंही बाजूला सरून उभे राहिले. गाडी गेल्यावर मीनानं दोन्ही वाट्या खिशातून काढून पुढं धरल्या.

"आत्या, ओवा."

नवसाबाई मागं सरली. "मी नाय. सोनाराकडं दे. नायतर शेजारच्या आशाला सांग. माझ्या हाताला..." रांडावलेल्या बाईनं सवाष्णीचं डोरलं ओवायचं नसतं, हे काय बोलून दाखवायचं असतं?

"तुम्हीच ओवा," मीना म्हणाली. "तुमच्या हातानं ओवलेलं टिकल. त्या हातानं तुम्ही एवढं केलंय. पोराला वाढवलं, घर ठेवलं. आशाच्या हातानं काय केलंय?"

नवसाबाईनं पोराकडं बघितलं. तो खाली मान घालून बुटानं खडी उकरत होता. मग वाकला. दगडाखालून त्यानं एक मणी उचलला आणि आईच्या तळहातावर ठेवला.

"हा राहिला होता," तो म्हणाला.

ओसरीवर बसून नवसाबाईनं ओवायला घेतलं, उजेड होता तोवर. तिची बोटं लोखंडानं जाड झालेली, टोकाशी भेगाळलेली. मणी बोटांत ठरेना. दोरा थुंकीनं ओला करून ती मण्याच्या भोकात घालायची, चुकायची, शिवी हासडायची, पुन्हा घालायची. दोरा तिनं दुहेरी घेतला आणि मग तिहेरी. समोरून अंबूबाई गेली, थबकली, पदर तोंडाला लावून बघत राहिली. नवसाबाईनं तिच्याकडं ढुंकून बघितलं नाही. शेवटची गाठ तिनं दातानं आवळली आणि मंगळसूत्र मीनाच्या गळ्यात घातलं.

"टीशर्टाच्या आत ठेव," ती म्हणाली. "आन् उद्या पाच चाळीस."

दुसऱ्या दिवशी पाच एकेचाळीस आले.

*

भुसावळला जायच्या दिवशी नवसाबाईनं रजा टाकली. मीनाला घेऊन ती फलाटावर आली, तर मनोज आधीच पाण्याच्या नळाशी उभा होता.

"पिकअप कुणाला दिली?" तिनं विचारलं.

"बंद ठेवली. तीन तिकिटं काढलीत."

"मला पास हाय की रे, मूर्खा."

"मग एक वाया गेलं," मनोज म्हणाला आणि पिशवी त्यानं मीनाच्या हातातून घेतली.

सकाळी सात वाजता मैदानात बायांच्या रांगा लागल्या. बहुतेक पोरी वीस-बावीसच्या, बारीक, केस करकचून बांधलेल्या. त्यांच्यात मीना सत्तावीसची, एका पोरीची आई, चालण्यात कळवणचा डोंगर. घरच्यांना जाळीबाहेर उभं केलं होतं. नवसाबाईनं जाळीला नाक लावलं.

आधी पोतं. जमिनीवर पडलेलं, प्लास्टिकचं, वाळूनं भरलेलं, गुळगुळीत. शिट्टी झाली. मीनाच्या शेजारची पोरगी वाकली आणि पोतं छातीशी कवटाळून पळायला लागली. मीनानं बूड टेकवलं. पोतं मांडीवर आलं, हातातून निसटलं. नवसाबाईचे दोन्ही हात जाळीत रुतले.

"टाकू नको," ती पुटपुटली. "टाकू नको, भवाने."

मीनानं ते दोन्ही मांड्यांत दाबून धरलं, जमिनीला लागू दिलं नाही. श्वास सोडला. गुडघा वर मारला आणि पोतं खांद्यावर गेलं. मग ती निघाली, घाई न करता, रुळाशेजारून चालावं तशी. रेघ ओलांडली तेव्हा साहेबानं घड्याळाकडं बघून मान हलवली.

मग पळणं. मैदानाला अडीच फेऱ्या. नवसाबाईला मोबाईलवरचे पळते आकडे कधी वाचता आले नव्हते. तिनं मनोजला ढोसलं. "लाव घड्याळ. आन् खोटं सांगू नको."

पहिली फेरी मीना मागून चौथी. दोन मिनिटं आठ सेकंद. दुसरी फेरी, चेहरा काळाठिक्कर, तोंड उघडं. मनोज आकडे मोठ्यानं सांगायला लागला, आधी आईला, मग नुसतंच. चार मिनिटं पंचवीस. अर्धी फेरी उरली होती आणि मीनाचा एक पाय ओढल्यासारखा पडत होता. पुढच्या दोन पोरी चालायला लागल्या, एक तर खालीच बसली.

मनोज जाळीला लागून पळायला लागला. पोट सुटलेला, चपला घातलेला माणूस तो. एक चपल निघाली तरी थांबला नाही. आत मीना, बाहेर तो.

"पाच!" तो ओरडत होता. "मीने, पाच झाले! पाच दहा! पळ ना गं! पाच वीस! मेलीस तरी चालल, पळ!"

जाळीशी उभी असलेली माणसं हसायला लागली. नवसाबाईनं हसणाऱ्यांकडं बघितलंसुद्धा नाही. मीनानं मान मागं टाकली होती, डोळे मिटले होते, आणि तशीच ती रेघेवरून गेली आणि पुढं जाऊन पालथी पडली.

"किती?" नवसाबाई ओरडली. "मन्या, किती?"

मनोज जाळीला धरून धापा टाकत होता. त्यानं मोबाईल डोळ्यांपुढं धरला, पुसला, परत धरला.

"पाच छत्तीस," तो म्हणाला आणि तिथंच मातीत बसला.

आतल्या साहेबानं हातातल्या कागदावर एका नंबरापुढं खूण केली. नंबर मीनाचाच होता. दोन शिपायांनी तिला उभं करून फाटकापर्यंत आणलं. तिथं ओकारी काढून ती कडेच्या दगडावर बसली. बुटांतून तिला पाय काढता येईनात, आतून सुजून आले होते.

नवसाबाई तिच्यासमोर खाली बसली. गुडघे कटकन वाजले. तिनं सुनेचा एक पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि नाडी सोडायला लागली. आजूबाजूला शे-दोनशे माणसं. एका म्हातारीनं दुसरीला कोपरानं ढोसलं, सासू सुनेच्या पायाशी बसलीय म्हणून.

"आत्या, नको," मीना पाय ओढायला लागली. "लोक बघतायत."

"बघू दे. त्यांना काय काम हाय?"

"आई, मी काढतो," मनोज लंगडत आला, एका पायात चपल.

"तू तुझी चपल हुडक आधी." नवसाबाईनं बूट सोडवला, मोजा खाली ओढला. टाचेचं कातडं फुटून मोज्याला चिकटलं होतं. तिनं ते हळूच सोडवलं, पदर बाटलीतल्या पाण्यानं भिजवला आणि टाचेवर धरला. मीना कळवळली.

"गप बस. पाणी गुळणी करून थुंक, गिळू नको. दुसरा पाय दे इकडं." दुसऱ्या नाडीची गाठ घामानं आवळली होती. ती नखांनी उकलत नवसाबाई म्हणाली, "मन्या, परतीची गाडी किती वाजता हाय बघ. दुपारचीच पाहिजे. उद्या सातला हजेरी हाय माझी."

मनोजनं चपल पायात सरकवली आणि तो चौकशीला गेला. गाठ सुटत नव्हती. नवसाबाई वाकली आणि तिनं दात लावले.